न दिसणारा थकवा : मल्टिपल स्क्लेरोसिस आणि मोबाईलवरील उपचार

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आरोग्यविषयक एखादा उपयुक्त लेख असावा, अशी इच्छा चिटणीसांनी प्रकट केली आणि ते काम आमच्यावर सोपविले. आम्ही डॉक्टर नव्हे. एका बँकेत ३४ वर्षे हिशेब तपासण्यात आमची नोकरी सरली. तथापि गेली सहा वर्षे आमच्या घरी 'मल्टिपल स्क्लेरोसिस' या दुखण्याचा मुक्काम आहे. त्यानिमित्ताने डॉक्टरांकडून ऐकून, थोडेफार वाचून आणि प्रत्यक्ष पाहून जे आम्हांस कळले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावे असे वाटले. रुग्ण आमची धाकटी सून. तिच्या संमतीनेच हे लिहीत आहोत. किंबहुना "बाबा, लिहाल तर तुमची चूकही लिहा," असे तिने बजावले आहे. ती चूक यथाकाल येईलच.

हल्ली या आजारासाठी 'मोबाईलवरील उपचार' निघाले आहेत, असे पुष्कळांच्या कानी येते. कोणी त्याकडे चमत्कार म्हणून पाहतो, तर कोणी थोतांड म्हणून हसतो. दोन्ही टोके सोडून यात खरे किती आणि त्याचा उपयोग कसा करावा, एवढेच पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आजाराचे स्वरूप

आपल्या मेंदूतून व पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंवर 'मायलिन' नावाचे स्निग्ध आवरण असते. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन, तसेच हे. ते शाबूत असले की मेंदूचा संदेश त्वरेने व बिनचूक पोहोचतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून या आवरणावर हल्ला करते. आवरण ठिकठिकाणी झिजते, तेथे कठीण चट्टे पडतात आणि संदेश अडखळू लागतात. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातील झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली या आजाराचे पद्धतशीर वर्णन करून त्यास स्वतंत्र ओळख दिली.

जगात आज सुमारे २९ लाख लोकांना हा आजार आहे. युरोप-अमेरिकेच्या मानाने आपल्याकडे त्याचे प्रमाण कमी. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुपटीहून अधिक आढळतो आणि बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, म्हणजे ऐन कर्तेपणाच्या वयात सुरू होतो. चट्टा कोठे पडला यावर लक्षणे अवलंबून असतात. कोणाची एका डोळ्याची दृष्टी मंदावते, कोणाच्या पायास बधिरता येते, कोणाचा तोल जातो, तर कोणाचा लघवीवरील ताबा सुटतो. बहुसंख्य रुग्णांत आरंभी आजार उचल खातो, काही आठवड्यांनी उतार पडतो आणि पुढे केव्हातरी पुन्हा उचल होते. काहींच्या बाबतीत मात्र तो पहिल्यापासूनच संथपणे वाढत जातो.

मुळापासून बरे करणारे औषध अद्याप नाही. परंतु १९९३ साली अमेरिकेत इंटरफेरॉन-बीटा या औषधास मान्यता मिळाली आणि तेव्हापासून उचल कमी करणारी वीसहून अधिक औषधे उपलब्ध झाली आहेत. ही औषधे पुढील नुकसान रोखण्याचा प्रयत्न करतात. जे नुकसान होऊन गेले, त्यासह रोजचा दिवस कसा काढावा, हा प्रश्न मात्र त्यांनी सुटत नाही. आणि त्यातील सर्वांत अवघड भाग थकव्याचा.

थकवा नव्हे, शक्तिपात

दिवसभर काम केल्यावर येणारा थकवा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. रात्री झोप झाली की तो जातो. या आजारातील थकवा तसा नसतो. तो पुरेशी झोप होऊनही सकाळीच उभा असतो, किंवा बोलता बोलता दहा मिनिटांत येतो. उष्णतेने तो वाढतो. शरीराचे तापमान किंचित चढले की झिजलेल्या तंतूंतून संदेश जाणे अधिकच कठीण होते. व्हिल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्यांनी १८९० साली प्रथम हे नोंदविले की, अशा रुग्णांची दृष्टी श्रमानंतर तात्पुरती अंधुक होते. इंदूरच्या मे महिन्यात, पारा ४० अंशांच्या वर असताना स्वयंपाकघरात उभे राहणे म्हणजे अशा रुग्णास काय, हे यावरून ध्यानात यावे.

या थकव्याचे मोठे दुर्दैव असे की तो दिसत नाही. पायास प्लास्टर असले की सर्वजण खुर्ची पुढे करतात. थकव्यास प्लास्टर नसते. चेहरा टवटवीत दिसतो आणि घरातील वडीलधारी मंडळी मनात म्हणतात, 'हिला कामाचा कंटाळा आहे.' आमची चूक ती हीच. आजाराचे निदान होण्यापूर्वी तर आम्ही तसे बोललोच. परंतु निदान झाल्यावरही, डोळा सुधारून ती पुन्हा शाळेत शिकवू लागली, तेव्हा दुपारी निजलेली पाहून आम्ही म्हणालो, "तुझ्या सासूने पहाटे चारला उठून बाराजणांचा स्वयंपाक केला, ती कधी दुपारी आडवी झाली नाही." सून एवढेच म्हणाली, "बाबा, झोप झाली तरी अंग उठत नाही." त्या वेळी आम्हांस ते पटले नाही.

'डिजिटल उपचार' म्हणजे काय?

आरोग्यविषयक ॲप्स आज हजारांनी मिळतात. पावले मोजणारी, पाणी पिण्याची आठवण करणारी, ध्यानधारणा शिकविणारी. ही सर्व 'उपचार' नव्हेत. एखादा कार्यक्रम विशिष्ट आजारासाठी रचलेला असावा, रुग्णांवर रीतसर चाचणी होऊन त्याचा गुण सिद्ध झालेला असावा आणि सरकारी यंत्रणेने तो तपासलेला असावा, तरच त्यास डिजिटल उपचार म्हणणे युक्त होय. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१७ मध्ये व्यसनमुक्तीसाठीच्या 'रीसेट' या ॲपला मान्यता दिली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यावयाच्या अशा उपचारांतील ते पहिले मानले जाते. जर्मनीने २०१९ च्या अखेरीस त्यासाठी कायदाच केला. तेथे मान्यताप्राप्त ॲप्सची सरकारी यादी असते. यादीतील ॲप डॉक्टरांनी लिहून दिले की त्याचा खर्च रुग्णाच्या सार्वजनिक आरोग्य विम्यातून भागतो.

हँबुर्ग येथील प्रयोग

आमच्या विषयाचे उत्तम उदाहरण या जर्मन यादीतच सापडते. हँबुर्ग येथील 'गाया' या कंपनीने मल्टिपल स्क्लेरोसिसच्या थकव्यासाठी 'एलेविडा' नावाचा कार्यक्रम तयार केला. तो संगणकावर अथवा मोबाईलवर इंटरनेटद्वारा चालतो. पडद्यावर संभाषण सुरू होते. कार्यक्रम एखादी गोष्ट समजावून सांगतो व विचारतो, 'आपणांस असे होते काय?' रुग्ण दिलेल्या उत्तरांपैकी आपले उत्तर निवडतो आणि त्यानुसार पुढचे बोलणे बदलते.

त्यामागील तत्त्व नवे नाही. विचार, भावना व वर्तन यांची सांगड तपासून जगण्याची रीत बदलणारी जी मानसोपचारपद्धती १९६० च्या दशकात अमेरिकेत आरोन बेक यांनी मांडली, तिचाच हा आधार आहे. मराठी वाचकांस अल्बर्ट एलिस यांच्या नावाने परिचित असलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती ही तिची थोरली बहीण होय. थकवा शरीरात आहे, हे ती नाकारत नाही. परंतु थकलेला माणूस पुष्कळदा दोन चुका करतो. बरे वाटले त्या दिवशी सगळी कामे उरकतो आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळतो. किंवा थकव्याच्या भीतीने हालचालच सोडतो आणि अधिक अशक्त होतो. या दोहोंच्या मधली वाट शोधणे, विश्रांती आधीच ठरवून घेणे, झोपेची शिस्त लावणे, 'मी घरावर ओझे आहे' यासारख्या विचारांना तपासून पाहणे, हे सर्व त्यात शिकविले जाते.

या कार्यक्रमाच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. थकवा असलेले २७५ रुग्ण घेऊन सोडत पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटास नेहमीच्या उपचाराबरोबर हा कार्यक्रम १२ आठवडे दिला; दुसऱ्यास प्रतीक्षायादीवर ठेवून नेहमीचेच उपचार चालू ठेवले. बारा आठवड्यांनंतर पहिल्या गटाचा थकवा दुसऱ्याच्या मानाने मध्यम प्रमाणात कमी झालेला आढळला आणि २४ आठवड्यांनीही फरक टिकून होता. डिसेंबर २०२० मध्ये तो जर्मन यादीत दाखल झाला.

येथे हिशेबतपासनीसाच्या सवयीने दोन गोष्टी नमूद करतो. पहिली, आपणांस कार्यक्रम मिळाला की नाही हे रुग्णांना ठाऊक होते. त्यामुळे 'गुण येईल' या अपेक्षेचाही काही वाटा परिणामात असू शकतो. दुसरी, थकवा कमी झाला, आजार नव्हे. मज्जातंतूंवरील चट्टे कोणत्याही ॲपने पुसले जात नाहीत.

मोजणारी ॲप्स

दुसरा प्रकार उपचाराचा नसून मोजमापाचा आहे. रुग्ण वर्षातून दोन-तीन वेळा डॉक्टरांकडे जातो आणि तेथे दहा-पंधरा मिनिटे असतो. मधल्या महिन्यांत काय झाले, हे त्याच्या आठवणीवरच अवलंबून. ही उणीव भरून काढण्यासाठी रोश या औषध कंपनीने 'फ्लडलाइट' हा प्रयोग केला. बार्सिलोना व सॅन फ्रान्सिस्को येथील ७६ रुग्ण आणि २५ निरोगी माणसे यांनी २४ आठवडे मोबाईलवर लहान लहान चाचण्या दिल्या. मोबाईल जवळ बाळगून दोन मिनिटे चालणे, चालता चालता माघारी वळणे, पडद्यावरील आकृती बोटाने गिरविणे, चित्रातील टोमॅटो दोन बोटांच्या चिमटीत पकडणे, चिन्हांशी अंक जुळविणे इत्यादी. हेच मोबाईलमधील संवेदक हाताची चपळाई व चालीतील डळमळ टिपतात. अशी मोजमापे डॉक्टरांच्या तपासणीशी बऱ्याच अंशी जुळतात, असे त्यातून दिसून आले.

तात्पर्य, मोबाईल दोन कामे करू शकतो : दिवस कसा लावावा हे शिकविणे, आणि जे डोळ्यांस दिसत नाही त्याची नोंद ठेवणे.

मर्यादा व सावधगिरी

एलेविडा जर्मन व्यवस्थेतील कार्यक्रम आहे. आपल्या इंदुरातील मराठी घरात तो जसाच्या तसा उपयोगी पडणे कठीण. आपल्या हाती येतात ती बहुधा नोंदी ठेवण्याची इंग्रजी ॲप्स. त्यांच्या बाबतीत पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

१. 'आजार मुळापासून घालवू' अशी हमी देणारे ॲप तत्काळ सोडावे. आमच्या सुनेने प्रारंभी आहारविषयक अशा एका ॲपची वर्षाची वर्गणी भरली. तीन महिन्यांनी त्यात 'औषधे हळूहळू बंद करा' असा सल्ला आला. सुदैवाने तिने तो डॉक्टरांस दाखविला. वर्गणी परत मिळाली नाही. औषधे चालू राहिली, हे महत्त्वाचे.

२. नवे लक्षण दिसले व ते २४ तासांहून अधिक टिकले तर ॲपमध्ये टिपून स्वस्थ बसू नये, डॉक्टरांस कळवावे. ताप किंवा लघवीचा संसर्ग झाल्यानेही जुनी लक्षणे उफाळतात. ती खरी उचल की नुसता आभास, हे डॉक्टरच ठरवू शकतात.

३. आजाराची माहिती ही खाजगी ठेव आहे. २०२३ साली आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. तरीही ॲप नाव, पत्ता, फोनमधील संपर्क कशासाठी मागते, हे वाचल्याखेरीज संमती देऊ नये.

४. ॲप कायमचे नसते. रीसेट काढणारी 'पेअर थेरप्युटिक्स' कंपनी एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. म्हणून महत्त्वाच्या नोंदी महिन्याअखेरीस वहीत उतरवून ठेवाव्यात.

५. स्वतःकडे सारखे पाहत राहिल्याने चिंता वाढते. दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी नोंद पुरे. ज्यास नोंदीनेच अस्वस्थ वाटते, त्याने ती सोडून द्यावी.

आमच्या घरची वही

त्या वर्गणीच्या अनुभवानंतर डॉक्टरांनी सुनेस नोंदीचे एक साधे, विनामूल्य ॲप वापरण्यास सांगितले. सकाळी व सायंकाळी थकव्यास शून्य ते दहांपैकी एक आकडा द्यावयाचा, झोपेचे तास लिहावयाचे आणि दिवसातील मोठे काम कोणते ते एका ओळीत टिपावयाचे. दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी ती माहिती कागदावर उतरविण्याचे काम तिने आम्हांस दिले, कारण तक्ते आखण्याची आम्हांस सवय.

आम्ही तक्ता आखला, रकाने भरले आणि मग आपसूक ते वाचू लागलो. शाळेतून आल्याबरोबर ती स्वयंपाकघरात गेली त्या दिवशीचा सायंकाळचा आकडा आठ किंवा नऊ. अर्धा तास पडून मग गेली त्या दिवशी पाच किंवा सहा. पाहुणे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच सात. ज्या दिवशी आम्ही ते पहाटे चारचे वाक्य बोललो होतो, त्या दिवशीही नोंद होती. काम या रकान्यात तिने लिहिले होते : 'दुपारी झोपले नाही.' आकडा दहा.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांतील चुका आम्ही काढल्या. या वहीत चूक आमचीच निघाली. एका घरच्या दोन महिन्यांच्या नोंदींनी शास्त्रीय सिद्धांत बनत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु जे तिने तोंडाने चारदा सांगूनही आम्हांस पटले नाही, ते आकड्यांनी पटले. त्या सायंकाळी आम्ही तिच्यापाशी तसे बोललो. ती म्हणाली, "बाबा, आता भाजी चिरायला बसा." तेव्हापासून सायंकाळची भाजी चिरणे आमच्याकडे आहे.

डॉक्टरांनीही तो तक्ता पाहून औषधाच्या वेळेत थोडा फेरफार केला आणि व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठविले. आज ती शाळेत शिकवते. मुख्याध्यापकांनी तिचे तास सकाळचे ठेवले आहेत. थकवा गेलेला नाही. त्याचे वेळापत्रक मात्र घरातील सर्वांस ठाऊक झाले आहे.

घरच्या मंडळींनी काय करावे?

पहिले, रुग्णाचे म्हणणे खरे माना. यंत्राचा पुरावा येईपर्यंत थांबण्याची आमची चूक कोणी करू नये. दुसरे, विश्रांती हा उपचाराचा भाग आहे. ती कामे संपल्यावर उरलेल्या वेळात नव्हे, कामांच्या आधी व मध्ये ठेवा. तिसरे, सर्व कामे काढून घेऊ नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने बेताची हालचाल व व्यायाम चालू राहणे हिताचे असते, आणि निरुपयोगी ठरविले जाण्याचे दुःख थकव्याहून मोठे असते. चौथे, उन्हाळ्यात गार पाण्याच्या पट्ट्या, पंखा, सकाळच्या थंड वेळी बाहेरची कामे अशी सोय करा. पाचवे, नोंद रुग्णाने स्वतः करावी. घरच्यांनी मोबाईल हाती घेऊन पाळत ठेवू नये.

आणखी एक माहिती सभासदांच्या उपयोगाची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात मान्य केलेल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा स्पष्ट उल्लेख आहे. सरकारी वैद्यकीय मंडळाकडून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घेता येते आणि प्रमाण ४० टक्के वा अधिक असल्यास अनेक सवलती लागू होतात. तसेच 'मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था १९८५ पासून या रुग्णांसाठी कार्य करीत आहे.

समारोप

आपल्या संस्थेने ५० वर्षांत विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या दिल्या, दवाखाना चालविला, अडल्यानडल्यास मदत केली. या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्तांस आमची एक नम्र सूचना आहे. थकवा, झोप व काम यांच्या नोंदीचे एक पानी मराठी कोष्टक संस्थेने छापून दवाखान्यात ठेवावे. डॉक्टरांकडून ते एकदा तपासून घ्यावे. आपल्या तरुण सभासदांनी आठवड्यातून एक सायंकाळ तेथे बसून गरजूंस मोबाईलवर नोंद करण्यास शिकवावे. खर्च अल्प आहे. हे कोष्टक केवळ या एका आजारासाठी नव्हे, संधिवात, पार्किन्सन, दीर्घ मुदतीचा अशक्तपणा अशा पुष्कळ दुखण्यांत डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडेल. छपाईचा पहिल्या वर्षाचा खर्च आम्ही देऊ, असे येथेच लिहून ठेवतो.

मोबाईल थकवा मोजू शकतो, त्याच्याशी जुळवून घेण्याच्या युक्त्या शिकवू शकतो. परंतु उठून पाण्याचा पेला आणून देणे त्यास साधत नाही. ते काम घरच्या माणसांचे आहे. हा लेख वाचून एखाद्या घरी दुपारी निजलेल्या सुनेस अथवा मुलास कोणी उठविले नाही, तरी आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.